स्नायू आखडतो म्हणजे नेमकं कोण आखडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंड फुगवून बेटकुळी दाखवायला आपण शाळेत जायच्या आधीच शिकतो. ती बेटकुळी आतून कशी उठते, हे मात्र बारावीच्या जीवशास्त्रात एका आकृतीपुरतं येतं आणि पेपर झाला की विसरलं जातं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात, जिन्यात, गड उतरताना आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत मटणावरून लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. हे पान फक्त हाडांना जोडलेल्या, आपल्या मर्जीने हलणाऱ्या स्नायूंबद्दल आहे. हृदयाच्या आणि आतड्यांच्या स्नायूंची चाल वेगळी, त्यांच्याकडे इथे वळत नाही.

स्नायू, पेशी, मांसपेशी: हा शब्दांचा घोळ काय आहे?

घोळ खरा आहे आणि तो जुना आहे. हिंदीत मसलला मांसपेशी म्हणतात आणि सेलला कोशिका. मराठीत मसल म्हणजे स्नायू आणि सेल म्हणजे पेशी. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथली पेशी म्हणजे मांसाचा गोळा, म्हणजे आपला आजचा स्नायू. आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा दोर. त्यामुळे आयुर्वेदाचं पुस्तक आणि बालभारतीचं पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याचं डोकं फिरणारच. या पानावर मराठी शाळेतला अर्थ धरला आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. इंग्रजीतला मसल हा शब्द लॅटिनमधल्या 'मुस्कुलुस'वरून आला, त्याचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपल्याकडे तीच जागा बेडकीने घेतली. बेटकुळीला काही घरांत बेडकुळीच म्हणतात. मला आपला प्राणी जास्त पटतो, कारण स्नायूंचं बरंचसं शास्त्र बेडकाच्या तंगडीवरच उभं आहे. इटलीत बोलोन्याच्या लुइजी गाल्वानीने विजेच्या धक्क्याने बेडकाचे पाय उडतात हे १७९१ साली छापलं, तेव्हापासून प्रयोगशाळेतल्या बेडकांना काही सुटका मिळालेली नाही.

शरीरात एकूण स्नायू किती?

सहाशेच्या वर. नेमका आकडा सांगणारे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण काही स्नायूंचे भाग वेगळे मोजायचे की एकत्र, यावर तो अवलंबून असतो. सर्वांत लहान कानाच्या आत, काही मिलिमीटरचा. सर्वांत लांब मांडीवरून तिरका जाणारा, ज्याच्या जोरावर आपण मांडी घालून बसतो. धडधाकट पुरुषाच्या वजनातला साधारण ४० टक्के वाटा या स्नायूंचा असतो, बायकांमध्ये त्याहून थोडा कमी.

स्नायू उघडून पाहिला तर आत काय दिसेल?

पंगतीतला प्रश्न तो हाच. मटणाचा शिजलेला तुकडा बोटांनी सोडवला की त्याचे रेषे निघतात. तो एकेक रेषा म्हणजे स्नायूतला एक जुडगा. कच्च्या मटणावर जो पांढरा, चिवट पापुद्रा असतो, जो खाटीक सुरीने सोलून काढतो, ते अख्ख्या स्नायूचं वेष्टण. प्रत्येक जुडग्याला त्याचं स्वतःचं पातळ वेष्टण असतं आणि जुडग्यातल्या प्रत्येक तंतूला आणखी पातळ. ही तिन्ही वेष्टणं स्नायूच्या टोकाशी एकत्र येतात आणि त्यांची कंडरा होते, म्हणजे हाडाला जाऊन चिकटणारा पांढरा दोर. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती कंडराच. स्नायूचा मांसल भाग हाडाला थेट ओढत नाही, तो आपल्या वेष्टणांना ओढतो आणि वेष्टणं हाडाला.

जुडग्यातला एकेक तंतू ही एकच पेशी असते, हे पहिल्यांदा ऐकताना विद्यार्थ्यांना खरं वाटत नाही. केसाएवढी जाड आणि कित्येक सेंटिमीटर लांब अशी एक पेशी! तिला केंद्रकं एक-दोन नाहीत, शेकड्यांनी असतात, कारण गर्भात असताना पुष्कळ लहान पेशी एकमेकींत विरघळून ती झालेली असते. केंद्रकं कडेला, आवरणाला टेकून बसतात, कारण मधली सगळी जागा कामाच्या मालाने भरलेली असते. तो माल म्हणजे तंतुकं: एक-दोन मायक्रोमीटर जाडीच्या, तंतूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या काड्या. एका तंतूत अशा शेकडो, मोठ्या तंतूत हजारो.

काथ्याचा दोरखंड डोळ्यांसमोर आणा. दोरखंड उसवला की जाड पदर, पदरात बारीक दोऱ्या, दोऱ्यांत काथ्या. फरक इतकाच की दोरखंड ओढ सोसतो, स्नायू ओढ निर्माण करतो.

पट्टकी स्नायू म्हणतात ते पट्टे कसले?

सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवर एकाआड एक गडद आणि फिके आडवे पट्टे दिसतात. प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या डब्यांची लांबच लांब गाडी असते. या डब्याला सार्कोमियर म्हणतात आणि विश्रांतीत त्याची लांबी साधारण दोन ते अडीच मायक्रोमीटर भरते. दोन डब्यांमधली भिंत म्हणजे झेड चकती.

डब्याच्या आत दोन प्रकारचे धागे आहेत. दोन्हीकडच्या भिंतींतून मधे डोकावणारे पातळ धागे ॲक्टिनचे. मधोमध तरंगणारे जाड धागे मायोसिनचे. जाड धागे आहेत तिथे गडद पट्टा दिसतो, नुसते पातळ आहेत तिथे फिका. जाड धागा १.६ मायक्रोमीटर लांब असतो. सुमारे तीनशे मायोसिन रेणूंची ती मोळी असते आणि प्रत्येक रेणूची दोन डोकी बाहेर काढलेली असतात, म्हणजे एका धाग्याला सहाशेच्या आसपास डोकी. एका जाड धाग्याभोवती सहा पातळ धागे, अशी रचना इतकी नेमकी असते की आडव्या कापात ती मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते.

याशिवाय टायटिन नावाचा तिसरा धागा असतो. माणसाच्या शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन. जाड धाग्याला मधोमध धरून ठेवणं आणि स्नायू ताणला तर स्प्रिंगसारखं मागे खेचणं हे त्याचं काम. सकाळी आळस देताना जी ओढ जाणवते, त्यात त्याचा मोठा हात असतो.

मग आकुंचन होतं तेव्हा यातलं कोण आखडतं?

कोणीच नाही. या अख्ख्या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जाड धाग्याची लांबी तेवढीच राहते, पातळ धाग्याचीही तेवढीच. पातळ धागे जाड धाग्यांच्या फटींतून आत सरकतात आणि दोन भिंती जवळ येतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून आत सरकवा: तळवे जवळ आले, बोटं मात्र होती तेवढीच लांब आहेत. आकुंचन हा शब्दच त्या अर्थाने थोडा फसवा.

मे १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात हे दोन ठिकाणांहून छापून आलं. एका लेखाचे लेखक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के. त्यांनी बेडकाचा जिवंत तंतू पाहिला. दुसऱ्याचे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. त्यांनी सशाची तंतुकं पाहिली. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, आणि परीक्षेत हे दोघे हमखास एक केले जातात. दोन्ही जोड्यांना एकच गोष्ट दिसली: आकुंचनात गडद पट्टा तेवढाच राहतो, फिका पट्टा अरुंद होतो. जाड धागा आखडत असता तर गडद पट्टा अरुंद व्हायला हवा होता. तोपर्यंत मायोसिनच गुंडाळून आखूड होतं असं मानणारे पुष्कळ होते.

आता हिशेब करून पाहा. १० सेंटिमीटर लांबीच्या तंतूत अडीच मायक्रोमीटरचे ४०,००० डबे एकापुढे एक बसतात. प्रत्येक डबा फक्त अर्धा मायक्रोमीटर आखडला, तर ४०,००० अर्धे मिळून २०,००० मायक्रोमीटर, म्हणजे २ सेंटिमीटर. डोळ्यांना न दिसणाऱ्या सरकण्यातून डोळ्यांना दिसणारी बेटकुळी उठते ती अशी.

पण धागे सरकवतं कोण?

मायोसिनची डोकी. रहाट नसलेल्या विहिरीतून पोहरा शेंदताना आपण काय करतो? दोर पकडतो, ओढतो, सोडतो, पुढे हात घालून पुन्हा पकडतो. दोरही आखूड होत नाही आणि हातही. पोहरा मात्र वर येतो. मायोसिनचं डोकं ॲक्टिनला अगदी तसंच शेंदतं. एका ओढीत धागा सरकतो तो ५ ते १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग किंवा त्याहूनही कमी. सगळी डोकी एकाच वेळी सोडत नाहीत, म्हणून ओढलेला धागा मागे घरंगळत नाही. पोहरा शेंदणाऱ्याचेही दोन्ही हात एकदम सुटत नाहीत.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. या कामाचं इंधन म्हणजे एटीपी. कुणालाही विचारा, ते ओढण्यासाठी खर्च होत असेल असंच सांगतील. प्रत्यक्षात एटीपीचा ताजा रेणू येऊन चिकटतो तेव्हा मायोसिन ॲक्टिनला सोडतं. सोडल्यावर तो एटीपी फुटतो आणि त्या ऊर्जेने डोकं पुन्हा मागे ताणून तयार होतं, उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग ताणून ठेवावी तसं. पुढची ओढ म्हणजे तो सापळा सुटणं. पकड सोडायलाच पैसे मोजावे लागतात, असा हा व्यवहार आहे.

मेल्यावर शरीर ताठ का होतं?

वरच्या परिच्छेदाचाच हा पुरावा. मृत्यूनंतर पेशींतलं एटीपी संपत जातं. पेशीतल्या कोठारांतून कॅल्शियम पाझरतं (त्यानेच डोक्यांना पकडायला जागा मोकळ्या होतात, ते पुढच्या प्रश्नात येतं), डोकी ॲक्टिनला पकडतात, आणि सोडवायला एटीपी येत नाही. पकड जिथल्या तिथे अडकते. दोन-तीन तासांत पापण्या आणि जबड्यापासून ताठरपणा जाणवू लागतो, साधारण १२ तासांत सगळं शरीर ताठ होतं, आणि पुढच्या एखाद-दोन दिवसांत ते सैल पडतं. सैल पडतं ते डोक्यांनी पकड सोडली म्हणून नव्हे. प्रथिनंच कुजून तुटू लागतात म्हणून. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं बरंच लवकर उरकतं, त्यामुळे थंड देशांतल्या पुस्तकांतले तास इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

'हात उचल' हा हुकूम मेंदूतून निघाल्यावर पुढे काय होतं?

मज्जारज्जूतल्या चेतापेशीतून विजेचा ठोका निघतो आणि सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने स्नायूपर्यंत येतो. चेतातंतू स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मधे सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. ठोका टोकाशी पोचला की तिथल्या इवल्या पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत सांडतं. पलीकडे स्नायूच्या आवरणावर त्याच्यासाठी कुलपं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतो आणि विजेचा नवा ठोका स्नायूच्या आवरणावरून धावत सुटतो. फटीत सांडलेलं रसायन पुसून टाकणारं विकर तिथेच तयार बसलेलं असतं, नाहीतर एकदा उचललेला हात खालीच आला नसता.

ठोका आवरणावर आहे आणि काम करणारी तंतुकं आत खोलवर. म्हणून आवरणाच्या बारीक नळ्या तंतूत आडव्या घुसलेल्या असतात, ठोका त्यांतून आत उतरतो. या नळ्यांना खेटून कॅल्शियमची कोठारं असतात. ठोका आला की कोठारांची दारं उघडतात आणि तंतूतल्या कॅल्शियमचं प्रमाण क्षणात दहापटीपासून शंभरपटीपर्यंत चढतं.

कॅल्शियम कशाला? कारण एरवी ॲक्टिनवरच्या पकडायच्या जागा झाकलेल्या असतात. ट्रोपोमायोसिन नावाची लांब पट्टी त्यांच्यावर पडलेली असते आणि ट्रोपोनिन ती जागेवर धरून ठेवतं. ट्रोपोनिनला कॅल्शियम चिकटलं की पट्टी बाजूला सरकते आणि डोक्यांना जागा मोकळ्या मिळतात. हे ट्रोपोनिन जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात शोधलं. ठोके थांबले की पंप कॅल्शियम पुन्हा कोठारात भरतात, पट्टी जागेवर येते, स्नायू सैल पडतो. हे पंपही एटीपीवरच चालतात. म्हणजे स्नायू सैल सोडणं हेसुद्धा फुकटात होत नाही.

मण्यार किंवा नाग चावल्यावर पापण्या का मिटू लागतात?

त्यांचं विष नेमकं त्या ५० नॅनोमीटरच्या फटीवर घाव घालतं. नागाचं विष स्नायूच्या बाजूची कुलपं अडवून बसतं, किल्ली आली तरी कुलूप उघडत नाही. मण्यारीच्या विषाचा मुख्य मारा चेतातंतूच्या टोकावर होतो, तिथल्या पिशव्याच निकामी होतात. हुकूम येतो, स्नायू धडधाकट असतो, पण निरोप पोचत नाही. पापण्या आणि डोळे हलवणारे बारीक स्नायू आधी ढेपाळतात, मग गिळणं, बोलणं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत, जीभ जड झालीय अशी तक्रार आली तर मांत्रिकाकडे किंवा 'थोडा वेळ बघू' म्हणून घालवायला वेळ नसतो. थेट सर्पदंशावरची लस असलेलं रुग्णालय गाठायचं. लस मोकळं फिरणारं विष अडवते, पण मण्यारीने आधीच बिघडवलेली चेतातंतूंची टोकं तिने लगेच दुरुस्त होत नाहीत. म्हणून रुग्णाला कधी कधी काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवतात. टोकं पुन्हा तयार झाली की तोच माणूस उठून चालायला लागतो.

धनुर्वातात याच्या उलट होतं का?

हो. प्रत्येक हालचालीत एक स्नायू ओढतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला मज्जारज्जूतून 'तू गप्प बस' असा निरोप जात असतो. धनुर्वाताच्या जंतूचं विष हा गप्प बसवणारा निरोपच बंद पाडतं. मग सगळेच स्नायू एकदम ओढतात. जबडा बसतो, आणि पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा ताकदवान असल्याने शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. आजाराचं नाव तिथूनच पडलं.

स्नायू फक्त ओढतात म्हणता, मग जोर मारताना मी जमीन ढकलतो ते कसं?

ढकलतो हात, स्नायू नाही. दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू कोपराच्या टोकाला मागून ओढतो आणि कोपर सरळ होतं. शेंदायच्या दोराने पोहरा ढकलता येईल का? म्हणूनच बहुतेक सांध्यांवर स्नायू जोडीने असतात, एक वाकवायला आणि एक सरळ करायला.

पाच किलोचं वजन हातात धरल्यावर बेटकुळीवर किती भार येतो?

पाचाचे जवळपास पस्तीस. दंडाच्या पुढच्या स्नायूची कंडरा कोपरापासून ५ सेंटिमीटरच्या आसपास हाडाला चिकटते, आणि वजन तळहातावर, कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर. सातपट लांबचं वजन तोलायला सातपट ओढ लागते. तोट्याचा सौदा वाटतो, पण बदल्यात वेग मिळतो: कंडरा एक सेंटिमीटर सरकली की तळहात सात सेंटिमीटर जातो. चेंडू फेकता येतो तो यामुळे.

गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते उतरल्यामुळे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मांड्यांची त्याला साक्ष आहे. चढताना मांडीचा स्नायू ओढत ओढत आखूड होतो. उतरताना तो शरीराला ब्रेक लावत असतो: ओढही देतोय आणि त्याच वेळी वजनाखाली लांबही होतोय. शेंदताना पोहरा जड निघाला आणि दोर हातातून सरकू लागला, तर तळहात सोलतात ना, तसं. अशा ओढीत स्नायू जास्त जोर सोसतो, एटीपी कमी खातो, म्हणून उतरताना दम लागत नाही; पण काही सार्कोमियर फाटतात, झेड चकत्या वेड्यावाकड्या होतात. पुढच्या दिवस-दोन दिवसांत तिथे सूज आणि दुरुस्ती चालते आणि जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. कळ २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. पुढच्या आठवड्यात तोच गड केलात तर दुखणं बरंच कमी, कारण स्नायू या माराला पटकन सरावतो.

म्हणजे ते लॅक्टिक ॲसिडमुळे नाही?

नाही. जिममध्ये हे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. गंमत म्हणजे मराठीत दमल्यावर 'अंग आंबलं' म्हणतात आणि लॅक्टिक आम्ल पहिल्यांदा आंबलेल्या दुधातच सापडलं होतं, १७८० साली. शब्द जुळले तरी कारण जुळत नाही. जोराच्या व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. यकृत, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणं सुरू होतं तेव्हा ते तिथे नसतंच.

भरलेली पिशवी घेऊन नुसतं उभं राहिलं तरी हात का भरून येतो? काम तर काहीच होत नाही.

भौतिकशास्त्राच्या व्याख्येत होत नाही. लोकलमध्ये कडीला लोंबकळणाऱ्याला हे सांगून बघा. आत मायोसिनची डोकी पकड-ओढ-सोड करतच असतात, फक्त धागा पुढे सरकत नाही. प्रत्येक फेरीला एक एटीपी जातोच. शिवाय फुगलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे प्राणवायू कमी पोचतो.

एटीपी येतं कुठून?

साठा अगदी थोडा असतो, जोराच्या कामाला दोन-तीन सेकंदांचा. मग क्रिएटिन फॉस्फेट मदतीला येतं, आणखी आठ-दहा सेकंद. १०० मीटरची शर्यत यातच आटोपते. त्यापुढे मिनिटभर प्राणवायूविना साखर फोडून भागतं, आणि त्याहून लांब पल्ला असेल तर प्राणवायूवर चालणारा कारखाना लागतो. बीडचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस आठ मिनिटांच्या थोडं वर धावतो, तो मुख्यतः याच कारखान्यावर. खर्च झालेल्या ऊर्जेतली एक चतुर्थांशच्या आसपास कामाला येते, उरलेली उष्णता होते. थंडीत कुडकुडणं म्हणजे केवळ त्या उष्णतेसाठी स्नायू चालवणं.

कोंबडीचा लेग पीस गडद आणि छाती पांढरी का?

कोंबडी दिवसभर उभी राहते आणि चालते, उडते क्वचित, तेही फडफडून दोन-चार सेकंद. पायाला न थकणारे, सावकाश तंतू हवेत. त्यांच्यात प्राणवायू धरून ठेवणारं लाल मायोग्लोबिन भरपूर असतं. छातीला झटपट जोर देणारे, लवकर दमणारे फिके तंतू पुरतात. कबुतर लांब उडतं, म्हणून त्याची छातीही गडद. माणसात असे सरळ भाग नाहीत. प्रत्येक स्नायूत तांबडा-पांढरा एकत्रच असतो, प्रमाण तेवढं वेगळं. उभं राहताना तोल सांभाळणाऱ्या पोटरीच्या आतल्या स्नायूत तांबडा रस्सा जास्त, असं मी कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना सांगते. लक्षात राहतं.

रात्री पोटरीत गोळा येतो तो काय असतो?

चेतातंतू आपल्या हुकमाविना ठोक्यांमागून ठोके सोडत राहतात आणि स्नायू सैल पडतच नाही. कारण एकच नसतं: थकवा, घामातून गेलेलं पाणी-मीठ, गरोदरपण, काही औषधं, वाढतं वय. गोळा आल्यावर पंजा हाताने स्वतःच्या अंगाकडे ओढून पोटरी ताणा, बहुधा मिनिटाभरात सुटतो. 'नस चढली' म्हणतात, पण नस कुठेही चढत नाही. वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

व्यायामाने स्नायू वाढतो म्हणजे तंतूंची संख्या वाढते का? चरबीचा स्नायू होतो का?

संख्या जवळपास तेवढीच राहते, तंतू जाड होतात, कारण आत नवी तंतुकं बसतात. तंतूच्या कडेला झोपलेल्या उपग्रह पेशी, ज्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये दाखवल्या, जाग्या होऊन तंतूला नवी केंद्रकं देतात. पहिल्या महिन्याभरात मात्र ताकद वाढते आणि दंड तेवढाच दिसतो, म्हणून पुष्कळ जण कंटाळून सोडतात. तेव्हा मज्जासंस्था एकाच वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकत असते. सोडायची वेळ ती नव्हे.

चरबीचा स्नायू होत नाही, स्नायूची चरबीही होत नाही.

लहान मुलाच्या पोटऱ्या भरदार आहेत, पण तो जिना चढताना दमतो. काळजी करावी का?

डॉक्टरांना दाखवावं, उशीर न करता. विशेषतः मुलगा तीन ते पाच वर्षांचा असेल, वरचेवर पडत असेल आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत अंगावर चढल्यासारखा उठत असेल तर. ड्युशेन नावाच्या आनुवंशिक आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसतं. तंतूच्या आतल्या धाग्यांना बाहेरच्या आवरणाशी बांधणारा तो दोर; तो नसला की प्रत्येक ओढीत आवरण फाटत जातं आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरतात. पोटरी भरदार दिसते ती त्यामुळे. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला हा आजार असतो. रक्तातल्या सीपीके (फाटक्या स्नायूंतून रक्तात येणारं एक विकर) तपासणीपासून सुरुवात होते आणि जनुक तपासून निदान पक्कं होतं. बाळसं म्हणून कौतुक करण्यात वर्ष-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

यातलं काही घरी पडताळून पाहता येईल?

येईल, काही सामान लागत नाही. मनगट पूर्ण आत वाकवा, तळहात पुढच्या हाताकडे. आता तसंच ठेवून घट्ट मूठ आवळा. जमत नाही. बोटं वाकवणारे स्नायू पुढच्या हातात आहेत आणि मनगट वाकवल्याने ते आधीच आखूड झाले आहेत. आतले पातळ धागे एकमेकांवर चढले आहेत, डोक्यांना नीट पकडायला जागा नाही आणि ओढायला पुढे दोरच उरलेला नाही. आता मनगट थोडं मागे झुकवा आणि पुन्हा मूठ आवळा.